उर्बानोंच्या घरचं लाइव्ह

ताताय, म्हणजे घरचा बाप उर्बानो, गेल्याला वर्ष झालं आणि त्या शनिवारी घराने काळं उतरवलं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सकाळी जपमाळ ओढली, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, आणि वर्षभर कावळ्यांसारखे काळे फिरणारे सगळेजण खोलीत जाऊन रंगीत कपडे घालून आले. रंगीत म्हणजे किती रंगीत, याला काही सुमार असतो. थोरली सून मारिविक असा पिवळाधमक झगा घालून आली की तिया कॉन्सिंगने जपमाळ खाली ठेवली.

"दुःख उतरव म्हटलं होतं गं बाई," ती म्हणाली, "दुकानाची पाटी चढव नव्हतं म्हटलं."

तिया कॉन्सिंग ही तातायची थोरली बहीण. ऐंशी उलटली होती, दात गेले होते आणि जीभ तेवढी शाबूत होती. मारिविकने तिच्याकडे बघून गोड हसून घेतलं आणि पान्सितच्या शेवयांचं पातेलं मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं.

तातायच्या मुलीने, लुडीने, निळा झगा घातला होता. तिला भूक नव्हती. आज प्रार्थना, मग जेवण आणि जेवणानंतर चपलांच्या दुकानाचा निकाल, असा क्रम वर्षभरापूर्वीच ठरला होता. तातायला पुरून परत येताना, पायाची माती झटकता झटकता, थोरला भाऊ प्रिमो म्हणाला होता, "लुडीला एक वर्ष द्यावं. वर्षात दुकान सावरलं तर ठीक. अन्यथा योग्य तो निर्णय घेण्यात येईल." प्रिमो, लुडीचा कुया म्हणजे दादा, असाच बोलायचा. नगरपालिकेत उभा जन्म काढून तो निवृत्त झाला होता, आणि बायकोला मीठ मागितलं तरी नोटीस बजावल्यासारखं वाटायचं.

योग्य तो निर्णय आता खिशातच होता. लिलिव गावच्या चर्चसमोरची जागा, खाली दुकान, वर घर. औषधांची साखळी दुकानं चालवणाऱ्या कंपनीला खालचा मजला भाड्याने हवा होता आणि सोमवारी त्यांचा माणूस सही घ्यायला येणार होता. लुडी एकोणिसाव्या वर्षापासून त्या दुकानात बसून तळ कापत होती, पट्टे शिवत होती, गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकत होती. झोपायचीही दुकानाच्या मागच्या खोलीतच. दुकान गेलं की तिची रवानगी वरच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत होणार होती. भाचरांची आत्या होऊन तिने तिथे राहायचं होतं. मारिविकने ती खोली गेल्याच आठवड्यात झाडून ठेवली होती, आणि ते सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं होतं.

तसं बघितलं तर लुडीने वर्षभरात काही करायचं सोडलं नव्हतं. किंबहुना गेली दहा वर्षं ती बिचारी तेवढंच करत होती.

धाकट्या भावाने, रोडेलने दोहाला नोकरीला जाण्याआधी दुकानाचं पेज काढून दिलं, तिथून हे सुरू झालं. तेव्हा सोपं होतं. सकाळी चपलांचा फोटो टाकायचा, संध्याकाळी मनिलाहून कुणीतरी विचारायचं, सात नंबर आहे का. मग साऱ्या लिलिवने फोटो टाकायला सुरुवात केली. मग ॲपवाल्यांची लहर फिरली. फोटो कुणाला दिसेनात, त्यांना म्हणे व्हिडिओ हवा. लुडीने तातायचा व्हिडिओ काढला. ताताय हातोडी आपटत होता, मान वर करून म्हणाला, "ते खेळणं बाजूला ठेव आणि डिंक आण." लोक खूष! रागीट ताताय म्हणून तो चार गावांत प्रसिद्ध झाला आणि चपला बऱ्या खपल्या. मग ॲपला लांब व्हिडिओ नकोसे झाले. आखूड केले. मग गाणं हवं झालं. गाणं घातलं. मग नाच हवा झाला. प्रिमोची पोरगी शैरा कॉलेजात हेच शिकून आली होती. तिने सत्तेचाळीस वर्षांच्या लुडीला दोन हातांत दोन चपला देऊन दुकानाच्या दारात नाचवलं. तो व्हिडिओ मोजक्या लोकांनी पाहिला, पण त्यांत पाद्रीबाबा होते. पुढचा महिनाभर लुडी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. शेवटी ॲपवाल्यांनी सरळ सांगितलं, पैसे भरा, मग दाखवतो. आपल्याच गिऱ्हाइकाला आपलंच दुकान दाखवायला तिसऱ्याच माणसाचे हात ओले करायचे!

आणि मग ताताय गेला. शैराने शवपेटीतल्या तातायचा फोटो पेजवर टाकला. दुकानाच्या सगळ्या आयुष्यात कुठल्या फोटोला इतकी माणसं आली नव्हती. मेलेल्याच्या पायात आपल्याकडे काही घालत नाहीत, नाहीतर घरभर पावलं वाजतात. तसा ताताय अनवाणीच निजला होता. खाली सेबूच्या कुणा गृहस्थाने लिहिलं, "चपलावाल्याच्याच पायात चपला नाहीत? स्टॉक संपला का?" तासाच्या आत उत्तर दिलं नाही तर ॲप रुसतं, हे शैराने लुडीच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. पेटीशेजारी बसून, डोळे पुसत पुसत, लुडीने उत्तर दिलं होतं, "स्टॉक आहे, सर. रंग कोणता?"

गृहस्थांनी पुढे काही कळवलं नाही.

आता मटणाच्या कालदेरेताची शेवटची वाटी रिकामी झाली. प्रिमोने रुमालाने ओठ टिपले आणि घसा साफ केला.

"सर्व उपस्थितांच्या माहितीसाठी," तो म्हणाला, "सोमवारी सकाळी—"

"पापा, थांबा!" शैरा उठून उभी राहिली. "आज लाइव्ह करू या. आत्ता. सगळे जमलेत, घरात फुलं आहेत, तिया आहे. शेवटचा एक चान्स द्या तिताला." तिता म्हणजे आत्या, लुडी.

"कसला लाइव्ह?"

"लाइव्ह विक्री. समोर उभं राहून जोडी दाखवायची. बघणाऱ्याला आवडली की तो खाली 'माइन' लिहितो. लिहिलं की जोडी त्याची झाली. आता सगळा धंदा तिथेच आहे. बाकी सगळं मेलं."

"आजच्या दिवशी मेलं म्हणू नये," मारिविक म्हणाली.

"वहिनी, आज तू पिवळं घातलंस ते चालतं, मग हेही चालेल," लुडी म्हणाली. तिलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. "कुया, एक तास दे. शंभर जोड्या गेल्या तर दुकान राहील. नाही गेल्या तर मी स्वतः त्या माणसाला कॉफी करून देईन."

प्रिमोने तिच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या तातायच्या फोटोकडे बघितलं. गेल्या महिनाभरात किती जोड्या गेल्या हे त्याला माहीत होतं. त्यामुळे उदार व्हायला त्याचं काहीच जात नव्हतं. "मान्य," तो म्हणाला. "तातायच्या फोटोसमोर सांगतो. शंभर जोड्या."

मारिविकने नवऱ्याच्या हाताला चिमटा काढला, पण शब्द गेला तो गेला.

जेवणाचं टेबल पुसलं, त्यावर चपला मांडल्या. शैराने फोन फळांच्या टोपलीला टेकवून उभा केला. "तिता, भरभर बोल. ओरड. प्रत्येक जोडी शेवटची म्हण."

"पण आत चाळीस आहेत तसल्या."

"म्हण तरी!"

लाइव्ह सुरू झालं. सात जण बघत होते. त्यांतले पाच याच खोलीत बसलेले होते.

"नमस्कार," लुडी म्हणाली. "ही अबाकाच्या धाग्याची चप्पल आहे. हाताने शिवलेली. ही... ही शेवटची आहे." तिचा चेहरा पडला. "म्हणजे या खोक्यातली शेवटची. दुसरं खोकं आहे. पट्टा पहिला आठवडा जरा चावतो, मग बसतो. आणि तुमचा पाय रुंद असेल तर नका घेऊ, उगाच परत पाठवायचा त्रास."

शैराने कपाळावर हात मारून घेतला. सातांचे सहा झाले.

"सरक," म्हणत तिया कॉन्सिंग काठी टेकत फोनसमोर आली. गालांवर पावडरचे थर होते. "ए! कोण बघतंय फुकटचं? पाय आहेत ना? मग लिहा! माझ्या भावाने या दुकानात पाठ मोडून घेतली आणि तुम्ही पंख्याखाली पडून आंगठा फिरवताय. अरे तू, टोरांटोवाल्या फेलिसिंग, दिसलंय मला तुझं नाव. लग्नात माझ्या भावाने तुला जोडी फुकट दिली होती. आठवतंय का?"

खाली लगेच उमटलं. माइन. नंबर आठ. फेलिसिंग, टोरांटो.

मग हाँगकाँगच्या चुलतबहिणीने लिहिलं. मिलानच्या मामेभावाने दोन लिहिल्या. दोहाहून रोडेलने सहा लिहिल्या आणि मारिविकच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून ओरडायला लागला, "दाखव! दाखव अजून! आम्ही उर्बानोची पोरं आहोत!" मग एक अनोळखी खातं आलं. नाव नव्हतं, गुलाबाचं चित्र होतं. त्याने लिहिलं, "माइन, सविनय." थोड्या वेळाने पुन्हा, "माइन, सविनय." ते गुलाब थांबेचना. लाल घेतली, काळी घेतली, लहान मुलांची घेतली, ज्या जोडीचा डावा पाय लुडीने अजून दाखवलाही नव्हता तीही घेतली.

लुडीच्या अंगात वारं शिरलं. ती ओरडायला लागली. शेवटची म्हणायला लागली, तेही न अडखळता. तिया मध्येच शिव्या घालत होती, शैरा मोजत होती. मारिविकसुद्धा येऊन शेजारी उभी राहिली, कारण कॅमेऱ्यात पिवळा रंग उठून दिसतो असं कुणीतरी लिहिलं होतं. एकटा प्रिमो खिडकीशी पाठ करून फोनमध्ये डोकं घालून उभा होता. औषधवाल्यांना काहीतरी कळवत असेल, असं लुडीला वाटलं आणि पहिल्यांदाच तिला त्याची दया आली.

"शंभर!" शैरा किंचाळली.

तिया कॉन्सिंगने काठी जमिनीवर आपटली. लुडी खुर्चीत बसली आणि चक्क रडली. मारिविकने तिला पाणी दिलं. "मी म्हणतच होते," ती म्हणाली, "या धंद्यात दम आहे. आपण दोघी मिळून बघू. त्या खोलीत मी खोकी ठेवू देईन."

प्रिमो वळला. "शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. इतक्या निमूटपणे म्हणाला की लुडीला संशय यायला हवा होता. पण सुखात असलेल्या माणसाला संशय सुचत नाही.

लेचे फ्लान या दुधाच्या पुडिंगचे तुकडे वाटले गेले. शैरा आईच्या फोनवरून एकेकाला पत्ता आणि पैशांचं विचारायला लागली. सगळ्यात आधी अर्थातच रोडेलला, तो कॉलवर होताच.

"कसले पैसे?" रोडेल म्हणाला.

"तुम्ही सहा घेतल्यात ना."

"अगं, ते हिंमत वाढवायला! मी इथे बूट घालून काम करतो, सहा चपला कुठे घालू? डोक्यात?"

लुडीचा चमचा थांबला.

टोरांटोच्या फेलिसिंगचं उत्तर आलं, सोबत तीन हसरे चेहरे. आम्ही गर्दी दिसावी म्हणून लिहिलं, उर्बानोंची इज्जत ती आमची इज्जत. हाँगकाँगहून आलं, ताताय बघत असेल वरून, किती आनंद झाला असेल त्याला! मिलानहून आलं, इथे थंडी फार आहे. एकामागून एक सगळे आले. सगळ्यांचं लुडीवर अतोनात प्रेम होतं. चप्पल मात्र कुणालाच नको होती.

"तुला माहीत होतं?" लुडीने शैराला विचारलं.

शैरा नखं बघायला लागली. "पहिल्या वीस-पंचवीस आपल्याच माणसांकडून लिहून घ्यायच्या असतात, तिता. सगळे तसंच करतात. गर्दी दिसली की ॲप परक्यांना बोलावतं."

"मग आले परके?"

"नाही आले."

"मीसुद्धा दोन लिहिल्या," तिया कॉन्सिंग म्हणाली. "शैराने आंगठा धरून दाबायला लावलं. पण मी माझ्या दोन्ही घेईन हो. पाय सुजतात, एक नंबर मोठी दे."

"आणि गुलाब?" लुडी म्हणाली. "गुलाबाने तीसेक तरी घेतल्यात. ते कोण?"

 मग तियाच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू वर सरकल्या. "या घरात," ती म्हणाली, "सविनय कोण लिहितं?"

सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. प्रिमोचे कान लाल झाले होते.

"कुया?" लुडी उठली. "तू? तुला तर दुकान बंद करायचंय!"

"करायचंच आहे."

"मग लिहिलंस कशाला?"

"सात जण होते!" नोटिशीची भाषा गळून पडली आणि प्रिमो पहिल्यांदा माणसासारखा ओरडला. "सात! अख्खी नगरपालिका बघते ते पेज. माझ्या हाताखाली राबलेली पोरं बघतात. उर्बानोची मुलगी चपला हातात धरून ओरडतेय आणि समोर काळं कुत्रं नाही. माझ्याने बघवेना, म्हणून लिहिलं."

"म्हणजे दुकान चाललेलं बघवत नाही आणि बुडालेलंही बघवत नाही. तुला हवंय तरी काय?"

"गुपचूप बंद व्हावं, एवढंच."

"बरं झालं बाई, कळलं वेळेवर," मारिविक म्हणाली आणि लुडीच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला. "विक्री शून्य. पैज हरली. सोमवारी सही."

"शून्य कशी?" लुडीचा आवाज चढला. "चारचौघांत लिहिलंय सगळ्यांनी. मी एकेकाचं नाव घेऊन वाचेन पेजवर. मिलान, टोरांटो, दोहा. लाज वाटून तरी घेतील. तुझं पण वाचेन, कुया. गुलाब म्हणजे कोण ते सांगेन."

"वाच!" तिया म्हणाली.

"मला मध्ये घेऊ नका हां," दोहाहून रोडेल म्हणाला आणि त्याने कॅमेरा छताकडे केला.

प्रिमो टेबलाजवळ आला.  "वाच. खुशाल वाच. आयुष्यभर तेवढंच केलंस तू, सगळ्यांना या दुकानाला जुंपलंस. तातायला शेवटपर्यंत नाचवलंस फोनसमोर. माझ्या पोरीला लावलंस. का ते मी सांगतो. तुला कुणी पत्करलं नाही, म्हणून तू दुकानाशी लग्न लावलंस, लुडी. त्या लग्नाचा आहेर आम्ही किती वर्षं करत राहायचा?"

पंखा फिरत होता.   

लुडीला काही म्हणायचं होतं. आलेल्या दोन स्थळांना तिने स्वतःच नकार दिला होता, आणि दोन्ही वेळा याच कुयाने, लहान भावंडांची फी कोण भरणार, असं विचारलं होतं. पण ती टेबलावरच्या चपला खोक्यात भरायला लागली. डावी उजवी बघितली नाही, मिळेल ती मिळेल त्यात.

तेव्हा शैरा म्हणाली, "पापा." तिचा आवाज विचित्र होता. "बंद झालं नव्हतं."

फोन फळांच्या टोपलीला टेकून उभा होता आणि त्याच्या काचेवरून अक्षरं पावसाच्या पाण्यासारखी वाहत होती. बघणारे सात नव्हते. कितीतरी हजार होते, आणि वाढत होते.

"काय लिहितायत?" तियाने विचारलं.

शैराला वाचायचं नव्हतं, पण वाचल्याशिवाय राहवेना. "'या काकांना कुणीतरी चपलेनं हाणा.' त्याच्या खाली, 'कोणत्या चपलेनं? लिंक द्या.' 'निळ्या झग्यातल्या ताईंची जोडी मला हवी. पाय रुंद आहे, चावला तरी चालेल.' 'म्हातारीला रोज आणा.' 'माइन.' 'माइन.' 'आहेर म्हणून माझ्याकडून चार.'" ती थांबली. "तिता, हे परके आहेत. पैसे भरतायत. खरंच भरतायत."

प्रिमो मटकन खुर्चीत बसला. कोपऱ्यावरच्या किराणाच्या टपरीवरून कुणीतरी हसल्याचा आवाज आला; तिथेही फोन होते.

"काढ ते," तो म्हणाला. "लुडी, पुसून टाक. मी त्या औषधवाल्याला आजच नाही कळवतो. दुकान तुझ्या नावावर करून देतो, जन्मभरासाठी. फक्त ते काढ. उद्या मला चर्चमध्ये उभं राहायचंय गं."

"पुसायचं कशाला?" मारिविक म्हणाली. तिने इतक्या चटकन पक्ष बदलला की तिच्या पिवळ्या झग्यालाही तिच्याबरोबर वळायला वेळ लागला. "तुमचं तुम्ही बोललात. आता निदान चपला तरी विकू द्या."

"मी तुझा भाऊ आहे," प्रिमो लुडीला म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

लुडीच्या हातात फोन होता. पुसलं तर दुकान तिचं होणार होतं. त्या दुकानात ती होती, न खपलेल्या जोड्या होत्या आणि गिऱ्हाइकाच्या नावाने शंख होता. ॲपची पुढची लहर येईपर्यंत दारात बसायचं, पुन्हा नाचायचं, पुन्हा शेवटची म्हणायचं. आणि नाही पुसलं तर तिला कुणी पत्करलं नाही हे देशातली सगळी माणसं जेवताना ऐकणार होती. आधीच ऐकत होती. कुणीतरी तेवढंच वाक्य कापून, मागे रडकं गाणं लावून, पुन्हा टाकलंसुद्धा होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

"तुला लाज नाही वाटत?"

"तुझ्यापेक्षा जास्त वाटते," लुडी म्हणाली. "वाक्य माझ्याबद्दलचं होतं."

सोमवारी औषधवाल्यांचा माणूस आला आणि कॉफी न पिता परत गेला. आठवडाभर लुडीने मान वर केली नाही. शेजारच्या दोन बायका मदतीला घेतल्या, तळ कापले, पट्टे शिवले, खोकी बांधली. प्रिमोने त्याच्या गुलाबाच्या सगळ्या जोड्यांचे पैसे मुकाट्याने भरले. भाजी आणायला गेला की लोक त्याला आहेरकाका म्हणून हाका मारत, म्हणून त्याने भाजी आणणं सोडलं. लुडीने एकदा त्याच्यासाठी वर केळीच्या पानातले चिकट भाताचे सुमान पाठवले. त्याने खाल्ले, पण ताट परत द्यायला मारिविक आली.

शुक्रवारी ऑर्डरी आटल्या. शैराने फोन पुढे केला. "तिता, ॲपला शिळं चालत नाही. लोक विचारतायत, पुन्हा कधी. काकांना आणा म्हणतायत."

लुडीने हातातली आरी खाली ठेवली. मग म्हणाली, "वर जाऊन सांग त्याला."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. रविवारी प्रार्थनेनंतर तो इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरला. मारिविक मागे होतीच, त्याची कॉलर सारखी करत. तिया कॉन्सिंग पावडर लावून बसली होती. फोन टोपलीला टेकवला. या खेपेला सुरू व्हायच्या आधीच हजारो थांबले होते.

प्रिमोने एक जोडी उचलली. "सर्व ग्राहकांस कळविण्यात येते," तो म्हणाला, "की सदर चप्पल हातशिलाईची असून—"

आकडा घसरायला लागला. शैराने कॅमेऱ्यामागून हात हलवले. तिया एकदोन ठेवणीतल्या शिव्या हासडून बसली, पण लोकांना आज ते नको होतं. खाली एकच मागणी पुन्हा पुन्हा उमटत होती. ते वाक्य. ते आहेराचं वाक्य म्हणा.

प्रिमोने वाचलं आणि जोडी खाली ठेवली. तो लुडीकडे वळला. लहानपणी तिला शाळेत सोडताना फाटकाशी जसा उभा राहायचा, तसाच उभा होता. "नाही जमणार मला," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी रागात गेलं तोंडातून. मला तसं वाटत नाही, लुडी. देवाशपथ नाही वाटत."

"माहीत आहे," लुडी म्हणाली. "म्हण."

"लुडी..."

"म्हण, कुया. लोक जातायत."

प्रिमोने मान खाली घातली आणि म्हटलं. पुटपुटलाच तो. शेवटचे शब्द तर ओठांतच राहिले.

लुडीने फोन थोडा पुढे सरकवला, त्याची हनुवटी दोन बोटांनी उचलून तोंड उजेडाकडे केलं. तिचा हात स्थिर होता.

"ऐकू नाही गेलं," ती म्हणाली. "मोठ्यांदा म्हण. आणि मग तपकिरी जोडी दाखव."